जाळलेला पाचोळा

माघ-फाल्गुनात आमच्या सोसायटीत पानगळीचा जोर असतो. सोनमोहोराची बारीक पिवळी पानं, जांभळाची, आंब्याची, मागच्या कुंपणालगतच्या बदामाची तळहाताहून मोठी तांबडी पानं. माळीबुवांनी सकाळी झाडून ढीग करायचा आणि संध्याकाळी तो पेटवायचा, ही आमची वर्षानुवर्षांची पद्धत. मी तळमजल्यावर राहते आणि बागेची हौस आहे, म्हणून कमिटीनं बागेचं काम माझ्याकडे सोपवलं होतं. ढीग कुठे करायचा आणि कधी पेटवायचा, हे मीच सांगायचे. पहिल्या मजल्यावरच्या काकूंना दमा आहे. त्या दिवसांत त्या खिडक्या लावून आत बसायच्या. एकदा त्यांनी मला विचारलं, "अगं, हे जाळल्याशिवाय भागणारच नाही का?" मी म्हटलं, "काकू, थोडा वेळ धूर होतो इतकंच. आणि राख झाडांना चांगली असते."

राखेचं ते बोलणं अर्धवट खरं होतं. पान जळतं तेव्हा त्यातलं पोटॅश आणि चुना राखेत उरतो. झाडानं वर्षभर जमवलेला कर्ब मात्र धुरावाटे निघून जातो आणि नत्रही बहुतेक त्याच वाटेनं जातं. धुरातले बारीक कण काकूंच्या छातीत जात होते. हे मला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. काकूंचा खोकला मला खाली ऐकू यायचा.

याच वर्षांमध्ये मी स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचं खत करायचा प्रयत्न करत होते आणि तो पुन्हा पुन्हा फसत होता. आवाराच्या एका टोकाला पानं जळत होती, दुसऱ्या टोकाला माझा कचरा नासत होता. या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे कळायला मला फार वेळ लागला. दरम्यान ज्या चुका झाल्या त्यांतल्या काही अज्ञानाच्या होत्या. काहींना तसं म्हणता येत नाही.

कचऱ्याच्या वाटेला मी का लागले, ते आधी सांगते. मी बँकेत नोकरीला होते तेव्हा माझी एक सहकारी फुरसुंगीची होती. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर जायचा. ती सांगायची, जेवायला बसलं की माश्यांमुळे ताट उघडं ठेवता येत नाही. विहिरीला पाणी आहे, पण ते नासलेलं, पिण्यासाठी टँकरची वाट बघायची. पाहुणे आले तर संध्याकाळच्या आत निघायची घाई करतात. मी ऐकून हळहळायचे आणि घरी येऊन मेथीची देठं, शिळा भात, दुधाची पिशवी, सगळं एकाच डब्यात टाकायचे. ती रोज शेजारच्या काउंटरवर बसायची, माझ्या डब्यातल्या पोळ्या खायची. माझ्या घरातला कचरा तिच्या गावाला जातो हे मला ठाऊक होतं. तरी मी काही केलं नाही.

2017च्या उन्हाळ्यात डेपोला आग लागली. गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि तीन आठवडे शहरात कचरा साचत गेला. चौकाचौकातले कंटेनर ओसंडून वाहत होते. पेपरात 'कचराकोंडी' हा शब्द रोज मथळ्यात असायचा. सोसायटीत सगळे वैतागले होते, गावकऱ्यांना नावं ठेवत होते. मला माझ्या त्या सहकारिणीचा चेहरा दिसत होता. कोंडी त्यांच्याकडे तर कितीतरी वर्षं चालू होती.

कचऱ्याचा ढीग पेटतो कसा, हेही मी तेव्हा वाचलं. आपल्याकडच्या शहरी कचऱ्यात जवळपास निम्मा भाग ओला असतो. तो प्लास्टिकसकट डोंगरात दाबला गेला की आत हवा पोचत नाही. हवेशिवाय जगणारे जिवाणू तिथे वाढतात आणि मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपट किंवा त्याहूनही जास्त उष्णता धरून ठेवतो, शिवाय तो पेट घेतो. मुंबईचं देवनार जानेवारी 2016मध्ये असंच धुमसत होतं. ढिगातून झिरपणारं काळं पाणी खाली जमिनीत आणि तिथून विहिरींत जातं. डोंगरात पोचणाऱ्या या ओल्या कचऱ्यातला माझ्या घरचा वाटा तरी थांबवायचा, असं मी ठरवलं.

एक मोठा ड्रम आणला, त्याला खालच्या बाजूनं भोकं पाडून घेतली, तळाशी नारळाच्या शेंड्या अंथरल्या. मग रोज सालं, देठं, चहाचा चोथा, उरलेलं अन्न त्यात टाकायचं आणि झाकण घट्ट लावायचं. झाकण घट्ट हवंच, कारण वास नको आणि चिलटं नकोत, असं माझं म्हणणं. आठवड्याभरात आंबूस वास सुटला. आषाढात तर झाकण उघडवेना. कलिंगड, काकडी, पालेभाज्या, या सगळ्यांत पाणीच जास्त. ते पाणी तळाशी साचलं, वरचा कचरा त्याच्या वजनानं बसला, आत हवा शिरायला जागाच राहिली नाही. डेपोच्या डोंगरात जे घडतं ते मी माझ्या अंगणात घडवत होते.

मग आळ्या आल्या. करड्या, चपट्या, बोटाच्या पेराएवढ्या. रात्री त्या भोकांतून बाहेर पडून भिंतीवर चढायच्या. सुनेनं एक आळी उंबऱ्याशी पाहिली आणि ती किंचाळली. मी कुणाला विचारलं नाही, काही वाचलं नाही. दुकानातून कीटकनाशकाची पावडर आणून ड्रममध्ये टाकली आणि वरून फिनेल ओतलं. आळ्या मेल्या. ड्रममध्ये दुसरं जे काही जिवंत होतं तेही मेलं. त्या आळ्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या होत्या, हे मला नंतर समजलं. ही माशी घरात शिरून अन्नावर बसत नाही. तिच्या आळ्या ओला कचरा झपाट्यानं खाऊन टाकतात. आज त्या वाढवून कचरा जिरवणारे प्रकल्प चालतात. त्या माझ्याकडे आपणहून आल्या होत्या, आणि त्यांच्या येण्यातून ड्रम फार ओला झाल्याचं समजायला हवं होतं.

पण यातली खरी चूक पुढचीच आहे. फिनेलचा तो चिखल तसाच पिशव्यांत भरून मी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात दिला. त्यांनी काही न बोलता ढकलगाडीत ठेवला. खत करायला निघालेल्या बाईनं आपल्या घरातली सगळ्यात वाईट घाण, विष कालवून, दुसऱ्या बाईच्या हाती दिली. पुण्यात कचरावेचकांची संघटना 1993 पासून आहे आणि 2008 पासून त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. सुक्या कचऱ्यातून कागद, काच, पत्रा वेगळा करून विकणं हा त्यांच्या कमाईचा भाग. ओल्यात लडबडलेल्या कागदाला भाव मिळत नाही. ओला कचरा घरीच जिरवला तर या बायकांचं वजन हलकं होतं, हात स्वच्छ राहतात आणि सुक्याचे पैसे बरे येतात. खताच्या फायद्यांत हा फायदा कुणी सांगत नाही. मला तो सगळ्यात आधी सांगावासा वाटतो.

गांडुळांच्या बाबतीत मी घाई केली. सातारा रस्त्यावरच्या एका शेतकऱ्याकडून किलोभर गांडुळं आणली. त्यानं बजावून सांगितलं होतं, "ताई, शेण शिळं वापरा, पंधरा दिवस तरी पडलेलं. ताज्यात सोडू नका." मी गोठ्यातून ताजं शेण आणलं, त्यात लॉनचं कापलेलं हिरवं गवत मिसळलं आणि दुसऱ्या दिवशी गांडुळं सोडली. असा ताजा ढीग आतून तापतो, साठ अंशांपर्यंतही जातो. खतासाठी ही उष्णता चांगलीच, तिनं तणांचं बी आणि रोगजंतू मरतात. गांडुळांना मात्र पस्तीसच्या पुढे सोसत नाही. सकाळी पाहिलं तर काही कडेनं वर चढून पडलेली, उरलेली आत शिजून गेलेली. मी ढिगात हात घातला आणि चटका बसला म्हणून मागे घेतला. मला हात मागे घेता आला.

पुढे एक ढीग त्यातल्या त्यात बरा उतरला. काळसर दिसत होता, मी तेवढ्यावरच खूश झाले. चाळून पिशव्या भरल्या आणि सोसायटीत वाटल्या. समोरच्या वहिनींनी त्यांच्या तुळशीला ओंजळ-ओंजळ घातलं, मी मिरचीची आणि वांग्याची रोपं निव्वळ त्या खतातच लावली. रोपं पिवळी पडली. वहिनींची तुळस महिन्याच्या आत वाळली. ती त्यांच्या सासूबाईंनी लावलेली होती. त्या मला काही बोलल्या नाहीत, फक्त वृंदावन रिकामं ठेवलं काही दिवस. कच्च्या खतात कुजण्याचं काम चालूच असतं. ते मुळांच्या वाटणीचा प्राणवायू आणि नत्र खातं, शिवाय त्यात आम्लं असतात, ती कोवळ्या मुळांना जाळतात. आणि खत पक्कं असलं तरी कुंडीत चौथाई-तिहाईपेक्षा जास्त घालू नये, बाकी माती हवीच.

पक्कं झालं की नाही हे तपासायची एक सोपी रीत आहे आणि तिला लागणारी वस्तू आपल्या फडताळात असते: हळीव. खतात पाणी घालून ते गाळायचं, त्या पाण्यात भिजवलेल्या कागदावर हळिवाचे दाणे टाकायचे, शेजारी साध्या पाण्याच्या कागदावर तितकेच दाणे. दोन्हीकडे सारखे मोड आले, मुळं सारखी लांबली, तर खत तयार आहे. प्रयोगशाळांमध्येही हळीवच वापरतात. बाळंतिणीसाठी लाडू वळायला आणलेलं हळीव मी रोपांसाठी वापरायला शिकले, पण तुळस गेल्यावर.

आता सोसायटीच्या हौदांबद्दल, जे लिहायला मला जड जातंय.

2016च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा करणं सक्तीचं केलं. पाच हजार चौरस मीटरच्या वरच्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्य तितका आवारातच जिरवावा, असंही त्यात होतं. आमच्या कमिटीनं मागच्या बाजूला विटांचे हौद बांधले आणि काम माझ्याकडे दिलं, कारण 'तुम्हाला यातलं कळतं'. मी नाही म्हणायला हवं होतं. मला कळत नव्हतं हे मला माहीत होतं. पण मान मिळत होता.

हौदाची सगळी प्रत्यक्ष कामं जिना झाडणाऱ्या मावशींकडे गेली. घराघरांतून बादल्या आणणं, हौदात ओतणं, वरखाली करणं. त्यांच्या पगारात त्यासाठी एक रुपया वाढवला नव्हता. हातमोजे द्यायचं मला सुचलं नाही. लोक ओल्यात काहीही टाकत होते: डायपर, सॅनिटरी पॅड, दाढीचं पातं, फुटलेली बरणी. मी व्हॉट्सॲपवर सूचना टाकायचे आणि कर्तव्य संपलं असं मानायचे. एके दिवशी मावशींचा तळवा काचेनं कापला. टाके पडले. दुसऱ्या दिवशी पदराचा तुकडा गुंडाळून त्या हौदाशी उभ्या. मी म्हटलं, "मावशी, आज राहू द्या." त्या म्हणाल्या, "राहू दिलं तर उद्या दुप्पट उचलावं लागंल, ताई. वास तर मलाच येतोय."

वास येतच होता, सगळ्यांना येत होता. ड्रममध्ये केलेलीच चूक मी इथे दसपट मोठी केली होती. निव्वळ ओलं, खरकटं, भाताच्या गोळ्यांसकट. उंदीर झाले. सभेत आरडाओरडा झाला आणि हौद बंद झाले. ओला कचरा पुन्हा गाडीत जाऊ लागला. पुण्यात गांडूळखत करणाऱ्या मिळकतींना करात सवलत मिळते. हौद बंद पडल्यावरही प्रकल्प चालू असल्याच्या कागदावर मी सही केली. कुणी बघायला आलंच तर दाखवायला म्हणून विकतच्या खताची पोती आणून हौदांच्या वरच्या थरात पसरून ठेवली. सेक्रेटरी म्हणाले, सगळीकडे असंच चालतं. मी सही केली ती त्यांच्या सांगण्यावरून केली असं म्हणणार नाही. पेन माझ्या हातात होतं.

मार्च 2020मध्ये टाळेबंदी लागली ती ऐन पानगळीत. माळीबुवा त्यांच्या खोलीवर अडकले, मावशींना आत सोडत नव्हते. पानांचा थर आवारात घोट्यापर्यंत आला. ती जाळायला मी धजले नाही. तेव्हा प्रत्येकाला श्वासाची भीती होती आणि पहिल्या मजल्यावर काकू होत्या. मग मी आणि वहिनी रोज थोडं झाडायचो आणि पानं रिकाम्या हौदांत ढकलायचो, दुसरी जागाच नव्हती. सगळे घरी, तिन्ही त्रिकाळ स्वयंपाक, सालंदेठं भरपूर. बाहेर कचरा ठेवायला जिवावर यायचं म्हणून मी माझ्या घरची बादली त्याच हौदातल्या पानांत खड्डा करून ओतायचे आणि वरून पानं लोटायचे. हे खत म्हणून केलंच नव्हतं. पाऊस सुरू झाला, त्या हौदाकडे कुणी फिरकलं नाही.

श्रावणात तण काढायला मागे गेले तेव्हा लक्षात आलं की वास नाही. फावड्यानं वरची पानं बाजूला केली. खाली काळी, मोकळी, ओलसर माती होती, वळवाच्या पहिल्या पावसात जमिनीला येतो तोच वास येत होता. तो वास पावसाचा नसतो. ॲक्टिनोमायसिटीस नावाचे सूक्ष्मजीव तो तयार करतात, ते जमिनीत असतात आणि पिकत आलेल्या खतातही असतात. त्यात गांडुळंही होती. ती मी आणलेली नव्हती.

मी तिथेच हौदाच्या कठड्यावर बसले. इतकी वर्षं माझ्या ड्रमात जे कमी पडत होतं, ते मी आवाराच्या दुसऱ्या टोकाला पेटवत होते.

कारण समजायला अवघड नाही. कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्ब आणि नत्र दोन्ही लागतं, साधारण पंचवीस-तीस भाग कर्बाला एक भाग नत्र. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात हे प्रमाण पंधरा-वीसला एक असतं, म्हणजे नत्र जास्त. जास्तीचं नत्र अमोनिया होऊन उडतं आणि नाकात झोंबतं. वाळक्या पानांत कर्ब भरपूर, पन्नासाला एक किंवा त्याहून अधिक. शिवाय पानं जादा पाणी शोषतात आणि ढिगात हवेला वाट ठेवतात. एकट्या पानांचंही लवकर खत होत नाही, नत्राशिवाय ती वर्ष-दीड वर्ष तशीच पडून राहतात. दोघांना एकमेकांची गरज. आज माझं माप ठरलेलं आहे: एक बादली ओल्याला दोन ते तीन बादल्या वाळकी पानं, आणि सगळ्यात वर नेहमी पानंच. मूठभर मिश्रण दाबलं तर हात ओला व्हावा, धार लागू नये. आंब्याची पानं चिवट असतात, एकावर एक चिकटून बसतात. ती आधी तुडवून चुरायची, रात्रभर भिजवायची.

यातलं काहीच नवीन नाही, आणि याचंच मला जास्त वाईट वाटतं. माझं आजोळ वाई तालुक्यातलं. गोठ्यामागे उकिरडा होता. शेण, बैलांच्या पायांखाली तुडवून मूत प्यायलेला कडबा, चुलीची राख, अंगण झाडलेला पाचोळा, सगळं त्यात जायचं. आजी शेणाची पाटी टाकली की वरून केराची पाटी टाकायचीच. उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी, ते खत गाडीनं शेतात जायचं. मी त्या उकिरड्याच्या कडेनं खेळले आहे आणि आजीच्या दुसऱ्या पाटीकडे मी कधी पाहिलं नाही. शहरात आल्यावर 'उकिरडा' हा शब्द फक्त घाणीसाठी वापरायला शिकले.

अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञानं मात्र पाहिलं. 1924 ते 1931 या काळात इंदूरच्या संशोधन संस्थेत त्यांनी काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, ढीग ठरावीक मुदतीनं उलथून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत बसवली. 'इंदूर पद्धत' म्हणून ती जगभर गेली. 1931 साली या पद्धतीवर निघालेल्या इंग्रजी पुस्तकावर दोन नावं आहेत, हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाडांचं नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही, ते घेतलं पाहिजे. पुढे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी, म्हणजे नाडेपकाकांनी, जाळीदार भिंतींच्या विटांच्या टाक्याची पद्धत काढली: दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतीत मुद्दाम सोडलेली भोकं. टाकं भरायला दीड टनाच्या आसपास काडीकचरा आणि अवघं शंभरएक किलो शेण, बाकी माती आणि पाणी. आमचे हौद बांधताना गवंडी भोकं ठेवू का म्हणून विचारत होता. मी म्हटलं, नको, वास बाहेर येईल.

त्या श्रावणानंतर भोकं पाडून घेतली. पण त्याआधी दुसरी दोन कामं होती.

सर्वसाधारण सभेत मी सहीबद्दल सांगितलं. हौद बंद असताना चालू लिहिलं होतं आणि पोती मी ओतली होती, हे दोन्ही. काही जण रागावले, सवलत जाईल म्हणून. एका सभासदानं विचारलं, आताच कशाला उकरून काढता? त्या वर्षी आम्ही सवलत मागितली नाही. नंतर हौद खरोखर चालायला लागल्यावर अर्ज केला. मावशींशी बोलणं मला सभेपेक्षा अवघड गेलं. त्यांच्या तळव्यावरचा वण आजही दिसतो. मी माफी मागितली तर त्या म्हणाल्या, "जाऊ द्या ताई," आणि मग थोडं थांबून, "पण पैशाचं बघा." ते पाहिलं. हौदाच्या कामाचा वेगळा पगार मेंटेनन्समधून ठरला, मोजे, गमबूट, लांब दांड्याचा काटा आला. घराघरांतून बादल्या आणणं बंद केलं, ज्याचा कचरा त्यानं आणून टाकायचा. हा नियम झाल्यावर काच सापडायची थांबली. स्वतःच्या हातानं ओतताना माणूस बघतो. पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून सुक्याजवळ वेगळं द्यायचं, ही कचरावेचक ताईंची मागणी जुनीच होती, ती आता बहुतेक घरं पाळतात. दोन-तीन घरं अजून पाळत नाहीत. त्यांच्या दाराशी मी जाते.

माती बदलली आहे. आमच्या आवारात बिल्डरनं मुरूम आणि राबिट भरलेलं होतं, कुदळ लावली की ठिणगी उडायची. पानाखताचा थर दर पावसाळ्याआधी पसरत गेलो तशी वरची वीतभर माती काळी आणि भुसभुशीत झाली. ती पाणी धरते. मे महिन्यात रोज पाणी घालायला लागायचं तिथे आता एकाआड एक दिवस पुरतं, आणि पाणीकपातीच्या उन्हाळ्यात हे फार मोठं आहे. मात्र खतानं सगळं होतं असं मी म्हणणार नाही. घरच्या खतात नत्र टक्का-दीड टक्क्याच्या आसपास असतं, शेणखतात त्याहूनही कमी. गुलाबाला आणि भाजीच्या वाफ्यांना वरून शेंगदाण्याची पेंड द्यावी लागते. नारळाच्या करवंट्या, आंब्याच्या कोयी, मक्याची बोंडकं लवकर कुजत नाहीत, ती चाळताना निघतात आणि पुन्हा हौदात जातात. निर्माल्यातला दोरा आणि जिलेटिन कागद काढत बसावं लागतं. खरकट्याला अजूनही उंदरांची धास्ती असते, म्हणून ते नेहमी पोटात, पानांखाली.

खरी अडचण वेगळीच आहे. पानं पडतात माघ-फाल्गुनात आणि लागतात आषाढ-श्रावणात, जेव्हा सगळंच ओलं असतं. त्यामुळे पानं कोरडी साठवायला हवीत, आणि ती जागा खातात. पत्र्याच्या शेडखाली आमची साठ-सत्तर पोती मावतात, ती भाद्रपदापर्यंत पुरत नाहीत. शेजारच्या सोसायटीत अजून पानं जाळतात. तिथल्या चेअरमनना मी भेटले. ते म्हणाले, न्या सगळी, आमचा माळी भरून देईल, पण आमच्याकडे ठेवायला जागा नाही. आमच्याकडेही नाही. पार्किंगमध्ये कोपऱ्यातली एक जागा मोकळी आहे, बऱ्याच दिवसांपासून तिथे कुणाची गाडी लागत नाही. ती मी पोत्यांसाठी लेखी मागितली आहे. कमिटीची सभा पुढच्या रविवारी आहे, आणि सोनमोहोर गळायला लागला आहे.